सरांची परीक्षा

माझ्या नवऱ्याला मी सर म्हणते. लग्नाआधी आम्ही एकाच शाळेत शिकवत होतो, तेव्हापासूनची ही सवय. लग्नानंतर ती मोडायचा मी प्रयत्न केला नाही आणि त्यांनीही कधी तक्रार केली नाही. शेजारणी चिडवायच्या, "भांडतानीही सरच म्हणता का हो मॅडम?" हो, भांडतानाही. 'सर, तुम्हाला काडीची अक्कल नाही' हे वाक्य आमच्या वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या घरात बरेचदा उच्चारलं गेलं आहे.

बदल्यांच्या फेऱ्यात आम्ही दोन दिशांना फेकले गेलो आणि पुष्कळ वर्षांनी पुन्हा एका शाळेत आलो. त्यांच्याकडे पाचवीचा वर्ग, माझ्याकडे सहावी-सातवीचं मराठी. शाळेचं गाव भाजीवाल्यांचं. सकाळचा भाजीचा तोडा आटोपून, जुड्या बांधून पोरं शाळेत येतात, त्यामुळे पहिल्या तासाला वर्गात सांबाराचा वास असतो. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.

या पोरांना वाचता येत नाही असं नाही. वाचतात, आणि घडाघडा वाचतात. पण 'उतारा वाचा व प्रश्नांची उत्तरे लिहा' आलं की घोडं अडतं. प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात सापडला की ती अख्खी ओळ उचलायची आणि उत्तर म्हणून खाली ठेवून द्यायची, ही आमच्याकडची पिढीजात विद्या आहे. पालकसभेत मी घसा कोरडा करून सांगते, की लेकरू मोठ्यानं वाचतं म्हणजे त्याला समजतंच असं नाही. पालक मान हलवतात आणि घरी जाऊन सांगतात, आमची पोरगी तं धाडधाड वाचते.

सरांनी यावर स्वतःचा इलाज काढला होता. पुस्तकातल्या उताऱ्यांत समुद्र असतो, विमानतळ असतो, बर्फ असतो. आमच्या पोरांनी यातलं काही पाहिलेलं नाही. म्हणून ते गावातलेच उतारे लिहायचे, आणि लिहायचे कशावर, तर लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर. आमच्याकडे शिक्षकाला पत्रिका दिल्याशिवाय गावातलं एकही लग्न होत नाही, त्यामुळे उन्हाळ्याअखेर घरात पत्रिकांचा ढीग साचतो. एका बाजूला गणपती आणि आपलं आगमन प्रार्थनीय आहे, दुसऱ्या बाजूला विहिरीवरची मोटर बिघडते तो उतारा. पोरांना दोन्ही बाजू पाठ असायच्या.

प्रश्नांचे प्रकारही त्यांनी वांग्याच्या वावरातून आणले. ते पोरांना म्हणायचे, "वांगे तोडाले गेला, तं काही समोरच दिसते. काही पानाआड असते, तिथं पान उचला लागते, काटेबी टोचते. अन् काही तं अजून लागलेच नाई, पण फूल पाहून कास्तकार सांगते का इथं वांगं येते." दिसणारं, पानाआडचं आणि फुलातलं. प्रशिक्षणाला आम्हाला याचीच लांबलचक नावं शिकवली होती, ती कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. पाचवीतलं पोर मात्र प्रश्न वाचूनच सांगायचं, हा फुलातला आहे, उताऱ्यात शोधू नको.

एखाद्या पोराला उत्तर आलं नाही तर सर त्याला चूक म्हणत नसत. ते प्रश्न खाली उतरवायचे. बाई काऊन रागावली, हे येत नाही? मग, बाई रागावली का हासली? तेही येत नाही? मग, उताऱ्यात कोण आहे, बाई का माणूस? पोराचा पाय कुठेतरी टेकेपर्यंत ते खाली यायचे आणि मग त्याला घेऊन एक एक पायरी वर चढायचे. टाळी मात्र ते उगाच वाजवू देत नसत. उत्तर बरोबर असेल, तेही स्वतःच्या शब्दांत असेल आणि 'काऊन?', म्हणजे का, असं विचारल्यावर कारण सांगता आलं असेल, तरच टाळी. "चुकीच्या उत्तराले टाळी वाजवली तं तो पोट्ट्याचा अपमान आहे," असं ते मला चहा पिताना ठणकावून सांगायचे. मी टाळीच्या बाबतीत जरा उदार होते, त्यामुळे हा टोमणा मला असे.

दिवाळीची सुटी संपून शाळा लागली त्याच आठवड्यात सरांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. सकाळी आंघोळीला पाणी काढलं होतं आणि ते न्हाणीच्या दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते, मी कुठल्या परक्या देशाची भाषा बोलते आहे अशा चेहऱ्यानं. दवाखान्यातून परत आणले तेव्हा हात चालत होता, पाय चालत होता, तोंड वाकडं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. घरी आल्यावर त्यांनी पेपर उचलला आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. स्वल्पविराम, पूर्णविराम, चढउतार, सगळं जिथल्या तिथे. तोच आवाज. मी ओट्याशी उभी राहून ऐकत होते आणि देवाला हात जोडत होते.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आजारी माणसाला बघायला आलेले लोक आधी आपल्या मावसभावाचा आजार सांगतात, तो सगळा मी ऐकून घेतला. सर त्यांच्यासमोर पेपर वाचायचे. "मॅडम, सर तं एकदम फिट झाले नं! आमच्यापेक्षा चांगलं वाचून राह्यले," म्हणत लोक समाधानानं उठायचे. मीही मान हलवायची. पालकसभेत घसा कोरडा करणारी बाई कुठे गेली होती कोणास ठाऊक.

मग एका सकाळी विचारलं, "सर, चहा घेता का?" आणि ते हसून म्हणाले, "चहा घेता का." मला वाटलं, चिडवताहेत. "घेता का नाही?" विचारलं. "घेता का नाही," म्हणाले. कप समोर ठेवला तेव्हा मात्र त्यांना चहा दिसला आणि त्यांनी तो घेतला. त्या दिवशी मी त्यांच्या हातातला पेपर काढून घेतला आणि मधल्या बातमीवर बोट ठेवून विचारलं, यात काय झालंय? त्यांनी ती बातमी पुन्हा वाचून दाखवली, सुंदर वाचून दाखवली. वाचणारे सर घरी आले होते. ज्यांना समजायचं ते सर आले नव्हते.

दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम घेणारी एक मॅडम होती, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिनं सगळं तपासलं आणि हळू आवाजात सांगितलं, की ऐकलेलं आणि वाचलेलं जसंच्या तसं बाहेर येतं, पण आत अर्थ पोचत नाही. थोडं परत येईल. किती, ते सांगता येत नाही. "घरी रोज छोटे उतारे घ्या, मॅडम. खाली सोपे प्रश्न. चौथी-पाचवीचे असले तरी चालतील."

तिला माहीत नव्हतं ती कोणाला काय सांगते आहे. मी बाहेर येऊन रसवंतीच्या बाकावर बसले आणि इतकी रडले की रसवाल्यानं पैसे न घेता ग्लास भरून दिला.

तेव्हापासून माझ्या दोन शाळा सुरू झाल्या. सकाळी पाचवीही माझ्याच गळ्यात आली होती, तिथे आकलनाची उजळणी. संध्याकाळी घरी, दिवाणखान्यात, त्याच पत्रिका घेऊन, तीच उजळणी. 'मुलगा बोरं घेऊन घरी आला.' मुलाने काय आणलं, सर? "मुलाने काय आणलं." मग मी प्रश्न खाली उतरवायची. बोरं का पेरू? "बोरं का पेरू." मग चित्र काढायची. माझं बोर पेरूसारखं दिसायचं आणि पेरू भोपळ्यासारखा, त्यात त्यांचा काय दोष. ते बोट ठेवायचे, कधी बरोबर, कधी चूक. बरोबर आलं की मी आनंदानं उडी मारायची आणि लगेच दुसऱ्यांदा विचारायची, आणि ते चुकायचे. माझी चिडचिड व्हायची. एकदा मी पत्रिकेचं कार्ड भिंतीवर फेकलं. त्यांनी उठून ते उचललं, पुसलं आणि मोठ्यानं वाचलं.

फरक पडत नव्हता असं म्हणता येणार नाही. हिवाळा सरता सरता त्यांना 'जेवण', 'चला', 'दुखते का' एवढं समजायला लागलं. स्वतःचे शब्दही एखाद-दुसरा यायचे. त्यातला पहिला शब्द होता 'शाळा'. रोज सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून, पिशवी मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसायचे. मी स्कूटर काढली की उभे राहायचे. "शाळा," म्हणायचे. मी एकटीच निघून जायची, आणि फाटकातून मागे वळून बघायची माझी हिंमत व्हायची नाही.

त्यांची रजा जूनपर्यंत होती. जूनमध्ये एक तर रुजू व्हायचं, नाही तर आजारपणाच्या कारणानं नोकरी सोडायची. डॉक्टर म्हणाले होते की त्यांची स्वतःची तयारी काय आहे, त्यावर बरंच ठरेल. मी ठरवून टाकलं होतं, की ते रुजू होतील. वर्ग नसेल तर सर कोण आहेत, हे मला माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. मुख्याध्यापकांना विचारलं, की उजळणीच्या दिवसांत एकदा सरांना वर्गात आणू का. मुख्याध्यापक भला माणूस. म्हणाले, "आणा ना मॅडम, पोट्टेबी रोज विचारून राह्यले."

एप्रिलात शाळा सकाळची होते. आम्ही पोचलो तेव्हा पाचवी दारात उभी होती. सरांनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला. कोणालाच नावानं हाक मारली नाही, पण पोरांना ते जाणवलं नाही. मी आधीच सांगून ठेवलं होतं, सर फक्त एक उतारा वाचून दाखवतील, त्यांना त्रास द्यायचा नाही.

त्यांनी वाचलं. 'बाजार उठत आला होता. बाईच्या टोपलीत मेथीच्या चार जुड्या उरल्या होत्या. तिने त्यांच्यावर पाणी शिंपडले. शेजारच्या बायांनी आपापली पोती आवरली. ती मात्र रस्त्याकडे बघत बसून राहिली.' एवढंच. पण मागची पोरंही पुढे सरकून बसली. मागच्या भिंतीला टेकून मी ऐकत होते आणि मनात जून महिना मोजत होते. वाटलं, जमेल. वाचून तर दाखवतील. प्रश्न मी विचारीन. आम्ही दोघं मिळून एक शिक्षक होऊ, सरकारला काय कळतंय.

तेवढ्यात वर्गाची मॉनिटर उठली. काटक मुलगी, तिची आई वर्ध्याच्या बाजारात खरंच मेथी घेऊन बसते. ती ओरडली, "सर, आता सरांची परीक्षा!" आणि सगळा वर्ग जमिनीवर हात थोपटायला लागला.

हे माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. उजळणीच्या शेवटी सर स्वतःची परीक्षा द्यायचे, ही त्यांच्या वर्गाची जुनी रीत. पोरांनी प्रश्न काढायचे, सरांनी उत्तरं द्यायची. प्रश्न काढता आला म्हणजे उतारा समजला, असं त्यांचं म्हणणं. मधूनच ते मुद्दाम चुकायचे, आणि पोरं 'हरले, हरले' म्हणून वर्ग डोक्यावर घ्यायची. पाचवीत जाण्याचं अर्धं आकर्षण हेच होतं.

मी पुढे जायला निघाले, पण सर हसत म्हणाले, "सरांची परीक्षा." पोरांना परवानगी मिळाली.

"सर, किती जुड्या उरल्या होत्या?" दिसणारा प्रश्न, सगळ्यात सोपा. सरांनी कार्ड डोळ्यांसमोर धरलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले. पोरं खो खो हसली. सर नेहमीसारखी गंमत करताहेत, असंच त्यांना वाटलं. शेवटपर्यंत वाचून सर थांबले आणि त्यांच्याकडे बघू लागले. मुलीनं दुसरा प्रश्न विचारला, "तिनं पाणी काऊन शिपडलं?" सरांनी परत कार्ड उचललं. 'बाजार उठत आला होता.' या वेळी हसणं अर्ध्या वर्गातच उरलं. तिसऱ्या प्रश्नालाही तेच वाचन आलं, तेव्हा कोणी हसलं नाही.

मुलगी उभीच होती. ती माझ्याकडे बघायला लागली आणि मी काही करू शकले नाही. मग तिनं जे केलं ते तिला सरांनीच शिकवलं होतं. चौथीत ती कच्ची होती आणि मधल्या सुटीत तिला घेऊन ते बसायचे. ती अगदी हळू म्हणाली, "सर, बाईजवळ काय होतं जी? मेथी का वांगे?"

"मेथी का वांगे," सर म्हणाले.

ती आणखी खाली उतरली. "सर, उताऱ्यात कोण आहे? बाई का माणूस?"

"बाई का माणूस."

याच्याखाली पायरी नव्हती. मुलीनं ओठ आवळले, इकडेतिकडे बघितलं आणि एकदम मोठ्यानं म्हणाली, "बरोबर! सर जिंकले!" आणि टाळ्या वाजवायला लागली. मग सगळेच वाजवायला लागले, जोरजोरात, काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. दहा-अकरा वर्षांची लेकरं. त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं.

सर टाळ्यांकडे बघत होते. आधी हसले. मग हसू तसंच राहिलं आणि त्याच्या मागून चेहरा निघून गेला. त्यांनी कार्ड टेबलावर पालथं ठेवलं आणि दाराकडे चालू लागले. स्कूटरवर मागे बसून त्यांनी माझा खांदा धरला होता, नेहमीपेक्षा घट्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट खुंटीवरच राहिला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मी स्कूटर काढली तरी सर पलंगावरून उठले नाहीत. मी स्वतःची समजूत घातली, की ऊन वाढलंय, थकले असतील. पण जून जवळ येत होता आणि त्यांच्या तोंडून होकार निघायला हवा होता. कागदावर लिहून द्यायचं तर त्यांच्या मनात काय आहे ते मला कळायला नको?

म्हणून रविवारी दुपारी, कूलर लावून, मी स्वतः एक उतारा लिहिला. 'एक शिक्षक होते. ते आजारी पडले. मग थोडे बरे झाले. एक दिवस ते शाळेत गेले. त्यांनी मुलांना उतारा वाचून दाखवला. मुलांना आनंद झाला.' टाळ्यांचं मी लिहिलं नाही. उतारा असा बेतला होता, की उत्तर 'हो' असंच यावं. इतकी वर्षं प्रश्नपत्रिका काढते, एवढं मला जमतं. खाली एकच प्रश्न लिहिला. 'शिक्षकांनी जूनमध्ये पुन्हा शाळेत जावे का?'

सरांनी उतारा मोठ्यानं वाचला. प्रश्नही वाचला. मी वाट बघत होते की आता तो प्रश्नच मला परत मिळेल. तो मिळाला नाही. त्यांनी कागद जवळ घेतला आणि पुन्हा वाचायला लागले, पण या वेळी मनातल्या मनात, ओठ न हलवता. दिवाळीपासून मी त्यांना असं वाचताना पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे ओळीवरून जात होते, थांबत होते, मागे येत होते.

"नाई," ते म्हणाले.

मी म्हटलं, हे असंच आलं असेल, चुकून. मी प्रश्न पुन्हा वाचून दाखवला. ते पुन्हा म्हणाले, "नाई."

मग मी तेच विचारलं, जे ते पोरांना विचारायचे, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. "काऊन?"

त्यांना खूप वेळ लागला. एक शब्द यायचा, अडायचा, ते डोळे मिटून घ्यायचे आणि पुन्हा सुरुवात करायचे. मी मदत केली नाही. शेवटी ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पोट्ट्यायनं… टाळ्या वाजवल्या."

उताऱ्यात टाळ्या नव्हत्या. ओळ कुठून उचललेली नव्हती, शब्द त्यांचे स्वतःचे होते, आणि कारणही त्यांनी दिलं होतं. इतके महिने मी जे मागत होते ते हेच. आता ते मिळालं होतं आणि मला ते नको होतं. मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, आणि रडत रडत म्हणाले, "बरोबर आहे, सर."